भेसज्ज आणि कथा : मनाच्या आजारावरील संयुक्त उपचारांविषयी

मनाच्या आजाराविषयी आपल्या वस्त्यांतून दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. पहिले वाक्य आप्तेष्टांचे असते : "मनाला गोळी काय करणार? विहारात ये, ध्यान कर, मन खंबीर कर." दुसरे रुग्णाचे असते : "डॉक्टर दोन मिनिटे बघतात आणि गोळ्या लिहितात, माझे ऐकून कोण घेतो?" पहिल्या वाक्याची परिणती पुष्कळदा औषध बंद करण्यात होते आणि दुसऱ्याची परिणती रुग्ण एकाकी पडण्यात होते. औषध आणि बोलणे हे जणू दोन परस्परविरोधी पक्ष आहेत, त्यांपैकी एकाचीच निवड केली पाहिजे, असा समज या दोन्ही वाक्यांच्या मुळाशी आहे. हा समज आधुनिक वैद्यकशास्त्राला मान्य नाही. तो विनयपिटकालाही मान्य नव्हता, असे आम्हांस दाखवावयाचे आहे.

चेतसिक रोग आणि उन्माद

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातातील रोगसुत्तात भगवंतांनी रोगाचे कायिक आणि चेतसिक असे दोन प्रकार सांगितले आहेत. शरीराने वर्षानुवर्षे निरोगी राहणारी माणसे आढळतात. परंतु क्षीणास्रव अर्हत सोडला तर मनाने क्षणभरही निरोगी असलेला मनुष्य दुर्मिळ, असा त्या सुत्ताचा आशय आहे. पुष्कळ प्रवचनकार हे सुत्त सांगून मनोरुग्णाला उपदेश करतात की, तुझा आजार तृष्णेचा आहे, तृष्णा सोड.

येथे गफलत होते. या सुत्तातील चेतसिक रोग म्हणजे लोभ, द्वेष, मोह हे क्लेश. ते आपणा सर्वांनाच आहेत, प्रवचनकारालाही आहेत. ज्याला आपण आज मनोविकार म्हणतो त्यासाठी विनयपिटक वेगळे शब्द वापरते : उम्मत्तक म्हणजे वेडा झालेला, खित्तचित्त म्हणजे चित्त विस्कटलेला, वेदनट्ट म्हणजे वेदनेने व्याकूळ झालेला. जवळजवळ प्रत्येक शिक्षापदाच्या शेवटी उम्मत्तकाला आपत्ती नाही, म्हणजे दोष लागत नाही, असे नमूद केलेले आहे. क्लेशाने केलेल्या कृत्याला दोष आहे. उन्मादात घडलेल्या कृत्याला नाही. विनयकारांनी हा भेद इतक्या काटेकोरपणे पाळला असताना आपण तो पुसून टाकणे योग्य नव्हे. छिन्नमनस्कतेने कानात आवाज ऐकणाऱ्या मुलाला "तुझी आसक्ती कमी कर" असे सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाच्या माणसाला चालण्याची जिद्द धर असे सांगणे होय.

कारणे अनेक, म्हणून उपचारही अनेक

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोलिय सीवक नावाचा परिव्राजक भगवंतांना विचारतो की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे म्हणणारे बरोबर आहेत काय? भगवंत आठ कारणे मोजून दाखवितात : पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुपालट, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. या आठांतील एकाच कारणावर सर्व भार टाकणारे मर्यादा ओलांडतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताची जी चिकित्सा केली, तिचे मोल अशा वेळी कळते. मुलाला झटके आले किंवा सून महिनोन्‌महिने बोलेनाशी झाली की "कुणाचे पाप फळाला आले" असा प्रश्न विचारणारा समाज त्या घराला दुहेरी शिक्षा देत असतो.

आजचे मनोविकारशास्त्रही एकाच कारणावर बोट ठेवीत नाही. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक देवाणघेवाण, बालपणीचे आघात, प्रसूतीनंतरचे बदल, थायरॉइडसारखे शारीरिक आजार, दारूचे व्यसन, कर्ज, मृत्यूचा शोक, आणि जातीवरून होणारा अपमान, अशी अनेक कारणे एकत्र येऊन मन कोसळते. वसतिगृहात किंवा कचेरीत दिवसेंदिवस होणाऱ्या अवहेलनेतून ज्याला नैराश्य आले, त्याला नुसती गोळी देऊन पाठवणे म्हणजे त्या अवहेलनेबद्दल मौन पाळणे होय. आणि कारण सामाजिक आहे म्हणून त्याची झोप, भूक, जगण्याची इच्छा परत आणणारे औषध नाकारणे हाही त्याच्यावर अन्यायच. लढा द्यावयाचा तर लढणारा जिवंत आणि सावध असला पाहिजे.

औषध काय करते

मनोविकारांवरील परिणामकारक औषधांचा इतिहास फार जुना नाही. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग नोंदविला. १९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझिन हे औषध तीव्र मनोविकारांवर वापरले गेले आणि वर्षानुवर्षे कोठडीत राहिलेले रुग्ण घरी जाऊ लागले. नैराश्यावरील इमिप्रामिनचा गुण १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कुन यांनी प्रसिद्ध केला. आपल्या देशात त्याआधीच, १९३१ मध्ये, गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावरील उपयोग वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता.

ही औषधे विचार बदलत नाहीत; विचार करण्यास मेंदूला सक्षम करतात. छिन्नमनस्कतेत भास आणि संशय कमी होतात, उन्माद-नैराश्याच्या आजारात मनाचे टोकाचे चढउतार आवरले जातात, नैराश्यात झोप, भूक आणि उत्साह हळूहळू परततो. 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. नैराश्यावरील गोळीचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तोंड कोरडे पडणे, मळमळ, सुस्ती हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. म्हणून पुष्कळ रुग्ण दहाव्या दिवशी गोळी टाकून देतात. दुसरे अनेक जण बरे वाटताच थांबतात. वस्तुतः बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला असतो. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर त्याहून अधिक. औषध थांबवायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा थोडीथोडी कमी करीत. "या गोळ्यांची सवय लागते" ही भीती झोपेच्या व चिंता शमविणाऱ्या काही गोळ्यांबाबत खरी आहे. नैराश्य आणि छिन्नमनस्कतेवरील मुख्य औषधांबाबत तसे व्यसन लागत नाही. लिथियमसारख्या औषधासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी आवश्यक असते. हा भेद औषधाच्या दुकानदाराला वा शेजाऱ्याला नव्हे, डॉक्टरांनाच विचारावा.

बोलणे काय करते

बोलण्याचा उपचार म्हणजे सांत्वन नव्हे, उपदेश तर नव्हेच. ती शिकलेल्या माणसाने नियमित वेळी, ठरावीक पद्धतीने करावयाची गोष्ट आहे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५० नंतरच्या दशकात आणि आरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, घटनेइतकाच त्या घटनेविषयीचा आपला विचार दुःखाला कारण होतो आणि तो विचार तपासता येतो. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांनी महाराष्ट्रात रुजविली. ठाण्यात १९९० साली स्थापन झालेल्या आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने अशा उपचारांना मराठी बोली दिली.

पाली वाचकाला यात काही ओळखीचे वाटेल. सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे : पहिला बाण शारीरिक वेदनेचा, आणि त्या वेदनेवर शोक, आक्रोश करून माणूस स्वतःला जो मारून घेतो तो दुसरा. समुपदेशक बहुधा या दुसऱ्या बाणावर काम करतो. "मी नापास झालो" हा पहिला बाण. "म्हणून मी जगण्यास नालायक आहे" हा दुसरा. परंतु आजार तीव्र असताना रुग्णाला दोन बाणांतला फरकच दिसत नाही. चार रात्री जो झोपला नाही, त्याच्याशी विचारांची चिकित्सा कशी करणार? तेथे औषध आधी, आणि औषधाने जमीन थोडी स्थिर झाली की बोलणे.

दोहोंचा मेळ

हा केवळ तर्क नाही. दीर्घकालीन नैराश्याच्या ६८१ रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवड्यांनंतर नुसते औषध घेणाऱ्यांत ४८ टक्के, नुसता संवादोपचार घेणाऱ्यांतही ४८ टक्के, आणि दोन्ही घेणाऱ्यांत ७३ टक्के रुग्णांना गुण आला. त्या अभ्यासातील औषध पुढे यकृतावरील दुष्परिणामामुळे अनेक देशांत मागे घेतले गेले, हेही सांगितले पाहिजे. दोहोंच्या मेळाचा निष्कर्ष मात्र इतर औषधांच्या अभ्यासांतूनही पुष्ट झाला आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यातील प्रयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. 'संगत' या संस्थेने तेथील १२ सरकारी आरोग्य केंद्रांत आणि १२ खाजगी दवाखान्यांत नैराश्य व चिंतेच्या रुग्णांसाठी पायरीपायरीची योजना राबविली. स्थानिक, अल्प प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक रुग्णाला आजार समजावून सांगे, गरजेप्रमाणे आरोग्य केंद्राचे डॉक्टर औषध देत, तेवढ्याने भागले नाही तर बोलण्याचा उपचार जोडला जाई, त्यापुढे मनोविकारतज्ज्ञ. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी या योजनेतील सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते. समुपदेशक पदवीधर मानसशास्त्रज्ञ नव्हते, ही यातील लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

अर्थात सर्व आजारांना एकच माप लागत नाही. सौम्य नैराश्यात पुष्कळदा बोलणेच पुरते. मध्यम व तीव्र नैराश्यात दोन्हींचा लाभ अधिक. छिन्नमनस्कता आणि उन्माद-नैराश्याच्या आजारात औषध हा पाया. त्यावर कुटुंबाला आजार समजावणे आणि रुग्णाला कामाधामाला लावणे यांची भिंत उभी राहते व आजार उलटण्याचे प्रमाण घटते.

ध्यानाविषयी दोन शब्द

ध्यान करणाऱ्याला गोळी लागते काय, हा प्रश्न आमच्या वाचकांना पडणारच. सतीच्या अभ्यासावर आधारलेली एक उपचारपद्धती पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी रचली असून वारंवार नैराश्य येणाऱ्यांत आजार उलटणे तिने कमी होते, असे आढळले आहे. इंग्लंडमध्ये ४२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही पद्धती आणि चालू ठेवलेले औषध यांची तुलना झाली : दोन वर्षांत पहिल्या गटात ४४ टक्के आणि दुसऱ्यात ४७ टक्के रुग्णांचा आजार उलटला. म्हणजे ध्यान औषधाहून श्रेष्ठ ठरले नाही, निरुपयोगीही ठरले नाही. हे रुग्ण आजारातून बाहेर आलेले होते आणि औषध कमी करणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते. तीव्र आजारात दीर्घ मौनाचे शिबिर अपाय करू शकते. विपश्यना केंद्रेही गंभीर मनोविकार असलेल्यांना शिबिरास न येण्याची सूचना देतात. धम्माच्या नावाने कोणाची गोळी बंद करणे हे धम्मकार्य नव्हे. स्वतः भगवंतांनी शरीर बिघडले असता जीवकाचे औषध घेतल्याचे महावग्गात नमूद आहे. जे शास्त्याने घेतले ते घेण्यात उपासकाने लाज का मानावी?

गागोद्यापासून कर्जतपर्यंत

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा गावातील एखाद्या तरुणीचे मन बिघडले तर काय होते, याची कल्पना करू. बहुधा प्रथम भगत येतो. अंगारा, उतारा, कोंबडे यांत पैसा आणि महिने जातात. भूत उतरविण्याच्या नावाने मारणे वा साखळीने बांधणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळदंडात ठेवण्यास मनाई केली आहे. तरी भगताकडे एक गोष्ट असते : तो वेळ देतो, ऐकतो, घरच्यांना जवळ बसवितो. त्याच्याकडे औषध नसते. पुढे शहरातल्या गर्दीच्या दवाखान्यात औषध मिळते, पण वेळ मिळत नाही. त्या तरुणीला ज्या दोन गोष्टी एकत्र हव्या होत्या, त्या दोन वेगवेगळ्या दारांत अर्ध्याअर्ध्या मिळतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील पाहणीनुसार सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी मनोविकार होता, आणि निरनिराळ्या आजारांतील ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. दारे मात्र अजिबात बंद नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पेण, तेथून अलिबागचे जिल्हा रुग्णालय, आणि गरज पडल्यास १९०१ पासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय, अशी सरकारी वाट आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

याच रायगड जिल्ह्यात कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या 'श्रद्धा' संस्थेचे पुनर्वसन केंद्र २००६ पासून आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून, अन्न, औषध आणि शुश्रूषा देऊन त्यांना घरी पोचविण्याचे काम ही संस्था १९८८ पासून करीत आली; २०१८ मध्ये डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. औषधाने मन सावरू लागते, मग रुग्णाशी बोलता बोलता त्याचे नाव, गाव, भाषा यांचा माग लागतो. औषधावाचून ते बोलणे शक्य झाले नसते आणि बोलण्यावाचून घर सापडले नसते.

थेरीगाथेतील वासेट्ठीची येथे आठवण होते. पुत्रशोकाने भान हरपलेली, विवस्त्र, केस विस्कटलेली ही स्त्री उकिरड्यांवर, स्मशानांत, हमरस्त्यांवर तीन वर्षे उपाशीतापाशी भटकली. मिथिलेकडे निघालेल्या भगवंतांच्या दर्शनाने तिचे चित्त स्थिर झाले आणि त्यांनी करुणेने तिला धम्म सांगितला. ही गाथा म्हणजे उपचारांचा केसपेपर नव्हे. ती वाचून औषध टाकणे चूक ठरेल. मात्र रस्त्यावरच्या वेड्या बाईलाही उपदेशास पात्र मानले गेले, एवढे ती निश्चित सांगते.

विहाराचे काम

अतिसाराने मळमूत्रात पडलेल्या भिक्षूला भगवंतांनी आणि आनंदाने स्वतः धुतले, हा महावग्गातील प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याच ठिकाणी चांगल्या गिलानुपट्ठाकाचे, म्हणजे रुग्णसेवकाचे, पाच गुण दिले आहेत. तो औषधाची व्यवस्था करू शकतो. पथ्य-अपथ्य जाणतो. लाभासाठी नव्हे, मैत्रचित्ताने सेवा करतो. मलमूत्र, वांती यांची किळस मानीत नाही. आणि वेळोवेळी धम्मी कथेने रुग्णाला समजावू शकतो, उत्साहित आणि आनंदित करू शकतो. या यादीत पहिला गुण औषधाचा आणि शेवटचा गुण बोलण्याचा आहे. मध्ये पथ्य, मैत्री आणि किळस न मानणे. पाचही गुण एकाच माणसाकडून अपेक्षिले आहेत. औषध देणारा आणि बोलणारा यांत विनयाने फारकत केलेली नाही.

रुग्णाचेही पाच गुण तेथे आहेत; त्यांत औषध घेणे हा एक, आणि आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे हे हितचिंतक सेवकाला खरे सांगणे हा दुसरा. गोळी आणि बोलणे येथेही शेजारी शेजारी आहेत.

गग्ग नावाच्या वेड्या भिक्षूची कथा याला पूरक आहे. त्याला उपोसथ कधी आठवे, कधी आठवत नसे. संघाने त्याला हाकलले नाही. तो येवो वा न येवो, संघकर्म वैध राहील अशी उम्मत्तक-संमती दिली. पुढे तो बरा झाल्यावर वेडाच्या काळातील कृत्यांबद्दल भिक्षू त्याला पुन्हा पुन्हा टोचू लागले, तेव्हा अमूळ्हविनय देऊन तो विषय कायमचा मिटविण्यात आला. बरा झालेल्या माणसाला त्याच्या आजाराची आठवण देत राहणे हे संघाने थांबविले. आपल्या वस्तीत मनोविकारातून उठलेल्या मुलाचे लग्न मोडते, नोकरी जाते, "तो डोक्याने कमी आहे" हे वाक्य वर्षानुवर्षे पाठ सोडीत नाही. अमूळ्हविनयाची गरज तेथे आहे.

विहारात रविवारी जमणाऱ्या उपासक-उपासिकांना मनोविकारतज्ज्ञ होता येणार नाही. परंतु गोव्यातील समुपदेशकही तज्ज्ञ नव्हते. एखाद्या घरात कोणी झोपत नसेल, जेवत नसेल, मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटे न सोडणे. उपदेश न करता ऐकणे. आरोग्य केंद्रापर्यंत सोबत जाणे. पुढच्या तपासणीची तारीख वहीत लिहून ठेवणे. गोळी चालू आहे ना, हे मायेने विचारणे. औषधाचा त्रास होत असेल तर ते बंद न करता डॉक्टरांना सांगण्यास लावणे. घरातील थकलेल्या आईला एक दिवस उसंत मिळवून देणे. एवढे कोणत्याही विहाराला शक्य आहे. प्रत्येक विहाराने निदान दोन व्यक्तींना, शक्य तर त्यांतील एक स्त्री असावी, हे काम नेमून द्यावे आणि जवळच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी त्यांची ओळख करून द्यावी, अशी आमची सूचना आहे.

अंगुत्तरनिकायात तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत : काहीही केले तरी बरा न होणारा, काही न करताही बरा होणारा, आणि योग्य आहार, औषध व सेवक मिळाला तरच बरा होणारा. या तिसऱ्यासाठी उपचार सांगितले आहेत, आणि त्याच्यामुळे बाकी दोघांचीही सेवा करावयाची आहे. आपल्या ओळखीतला रुग्ण या तिघांपैकी कोणता, हे आधी कळत नाही. म्हणून प्रत्येकाला तिसराच समजून त्याच्या औषधाची आणि त्याच्याशी बोलण्याची, दोन्हींची सोय करणे हेच आपले कर्तव्य ठरते.